हेतू एकाचा, किंमत दोघांची

मागे नात्यातल्या एका लग्नाला भैंसाला गेलो होतो. गाव तेलंगणातले, पण मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही कानांवर पडतात. यजमानांच्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिसली. बी. ए.ला असताना परीक्षेपुरती वाचली होती. रात्री सहज उघडली आणि पहाट झाली.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधीचे टिळक म्हणजे विद्वान, पण अस्वस्थ माणूस. एक गाव नाही, एक नोकरी नाही. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने 'नवा करार' हाती दिला आणि भटकंतीला दिशा मिळाली. मग तेव्हाच्या अहमदनगरात अध्यापन, 'ज्ञानोदय', भजने, कीर्तने. १९१७ साली मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत.

आपल्या गोव्यात 'बाटणे' म्हटले की १५६० सालचे इन्क्विझिशन आठवते. ती जखम खोटी नाही. पण १६१६ साली याच भूमीत, रायतूरला, फादर स्टीफन्सचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, हेही खरेच. टिळकांवर तर कुणाची जबरदस्ती नव्हती. त्यांना जगण्याचे कारण सापडले, एवढे मान्य करायला आपल्याला जड का जावे?

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. टिळकांना प्रकाश दिसला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या घरात अंधार झाला. नवरा जिवंत असून संसार मोडला, नातलगांच्या आश्रयाला दिवस काढावे लागले. पुढे त्या परत आल्या, पण धर्म बदलून नव्हे. आधी मनातली जात गळाली. बाप्तिस्मा १९०० साली, स्वतःला पटल्यावर. आणि टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले.

म्हणून आयुष्याचा हेतू कसा सापडावा असे कुणी विचारले, तर मी टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडे बोट दाखवीन. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. वीस वर्षे सरकारी फायली पुढे सरकवतो आहे. आपला जन्म कशासाठी, हा प्रश्न कारकुनालाही पडतो. मात्र उत्तर सापडल्यावर त्याची किंमत घरात कोण मोजणार, हे आधी विचारावे, एवढे त्या रात्री भैंसाला कळले.