फलागमाच्या अलीकडे आणि पलीकडे : व्हर्जिनिया वेडची कारकीर्द

क्रीडावृत्त हे आजच्या काळातले बहुधा सर्वाधिक वाचले जाणारे कथात्म गद्य असावे; पण आपण साहित्याची माणसे ते कथन म्हणून क्वचितच वाचतो. वर्तमानपत्राचे शेवटचे पान आपल्या अभ्यासकक्षेबाहेरचे, असे आपण गृहीत धरलेले असते. वस्तुतः नायक कोणाला करायचे, आरंभ कोठून धरायचा, कोणत्या घटनेला परमोच्च बिंदू मानायचे आणि कोणाला कथेबाहेर ठेवायचे, हे सारे निर्णय त्या पानावर रोज घेतले जातात, आणि ते निर्णय कोणी घेतले याची नोंद कोठेही होत नाही. अशा एका निर्णयाविषयी येथे लिहावे असा आमचा मानस आहे. विषय आहे ब्रिटिश टेनिसपटू व्हर्जिनिया वेड. (या आडनावावर मराठीत कोटी करण्याचा मोह कोणालाही होईल. आम्ही तो आवरला आहे.)

वेडची प्रचलित कथा थोडक्यात अशी. १९६२ पासून ती विंबल्डनमध्ये खेळत होती आणि दरवर्षी हरत होती. गुणवत्ता होती, पण ऐन वेळी मन कच खाई, असे ब्रिटिश वृत्तपत्रांनी तिच्याविषयी इतक्यांदा लिहिले की ते तिचे स्वभावलक्षणच ठरले. अखेर १ जुलै १९७७ रोजी, विंबल्डनच्या शताब्दीच्या वर्षी, राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षी आणि साक्षात राणीच्या उपस्थितीत, बत्तिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना तिने नेदरलँड्सच्या बेटी स्टोवेचा ४-६, ६-३, ६-१ असा पराभव केला. राणीच्या हातून तिने तबक स्वीकारले आणि प्रेक्षकांनी उभे राहून तिच्यासाठी गाणे म्हटले. तिच्या अंगावर गुलाबी स्वेटर होता. ब्रिटनमध्ये त्या पिढीच्या लोकांना हे दृश्य अजूनही तपशिलासह आठवते.

कथा उत्तम आहे, यात वाद नाही. इतकी उत्तम, की संस्कृत नाट्यशास्त्रातल्या कार्याच्या पाच अवस्था शिकवताना उदाहरण म्हणून बिनदिक्कत वापरावी. सोळा वर्षांची मुलगी प्रथम विंबल्डनच्या हिरवळीवर उतरते तो आरंभ; पुढची कित्येक वर्षे यत्न; १९७४ आणि १९७६ साली ती उपांत्य फेरी गाठते ती प्राप्त्याशा; १९७७ च्या उपांत्य सामन्यात गतविजेत्या आणि त्या काळी जगात अव्वल असलेल्या ख्रिस एव्हर्टला ती ६-२, ४-६, ६-१ असे हरवते ती नियताप्ती; आणि दोन दिवसांनी राणीसमोर फलागम. एखादे आयुष्य असे साच्यात नेमके बसू लागले, की अभ्यासकाने जरा सावध व्हावे. साच्यात बसवण्यासाठी काय कापून टाकले गेले, हा प्रश्न त्या वेळी विचारायचा असतो.

कापले गेले ते १९६८ हे वर्ष. टेनिसच्या इतिहासात या वर्षाला जे महत्त्व आहे, ते दुसऱ्या कोणत्याही वर्षाला क्वचितच असेल. तोपर्यंत मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. पैसे घेऊन खेळणाऱ्यांना विंबल्डनचे दार बंद होते. हौशी म्हणवणाऱ्यांना पडद्याआडून पैसे मिळत, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. १९६८ च्या एप्रिलमध्ये बोर्नमथ येथे हौशी आणि व्यावसायिक यांच्यातला हा भेद मोडणारी पहिली खुली स्पर्धा झाली. बोर्नमथ हे वेडचे जन्मगाव. महिलांचे विजेतेपद तिनेच मिळवले. पण ती अजून हौशी होती, म्हणून ३०० पौंडांचे पारितोषिक तिने घेतले नाही. पुरुषांत जिंकलेल्या केन रोझवॉलला १,००० पौंड मिळाले. म्हणजे पहिल्या खुल्या स्पर्धेची पहिली विजेती बक्षिसाचे पैसे न घेता घरी गेली. मग जूनअखेर विंबल्डन सुरू झाले, तेथे ती पहिल्याच फेरीत हरली. आणि सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर, पहिल्यावहिल्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, तिने त्या वर्षीची विंबल्डन विजेती बिली जीन किंग हिला ६-४, ६-२ असे सरळ दोन सेटमध्ये हरवले. महिलांचे पारितोषिक होते ६,००० डॉलर, पुरुषांचे १४,०००. या वेळी तिने पैसे घेतले.

तेव्हा तिचे वय तेवीस होते. ससेक्स विद्यापीठातून गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिला दोनच वर्षे झाली होती. ज्या खेळाडूला ऐन वेळी अवसान टिकवता येत नाही असे सांगितले जाते, तिने आपल्या काळातल्या सर्वांत झुंजार स्पर्धक स्त्रीला तिच्याच देशात, अंतिम सामन्यात, एकही सेट न गमावता नमवले होते. प्रचलित कथेत ही घटना फार तर एका उपवाक्यात येते. कारण उघड आहे : नायिकेला फलप्राप्ती आरंभीच झाली असे मान्य केले, तर पुढच्या नऊ वर्षांचे करुण रसात रूपांतर करता येत नाही.

बोर्नमथ ते फॉरेस्ट हिल्स या पाच महिन्यांत जे घडले, ते आम्हांला तरी १९७७ च्या त्या शुक्रवारापेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटते. ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ ही जोडी मराठी माणसाला रंगभूमीमुळे चांगली परिचित आहे, आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाला आपल्याकडेही किंचित कमीपणाचा वास आहे. इंग्लंडमध्ये तो वास फार जुना होता. खेळ हा सभ्य माणसाचा छंद, त्याचे पैसे घेणे हे कारागिराचे काम, ही तेथील वर्गव्यवस्थेची शिकवण. स्त्रीच्या बाबतीत तर ती दुहेरी : खेळ हाच मुळी लग्नापूर्वीचा छंद मानला जाई. वडील डर्बनचे आर्चडीकन, म्हणजे अँग्लिकन चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू; मुलगी पदवीधर; अशा घरातल्या तरुणीने टेनिस हेच आपले काम आहे असे ठरवणे आणि त्याचा मोबदला उघडपणे घेणे, ही त्या समाजात साधी गोष्ट नव्हती. तिने त्याविषयी घोषणा केल्या नाहीत. बिली जीन किंगप्रमाणे ती चळवळीचा चेहराही झाली नाही. ती खेळत राहिली, एवढेच.

आणि जिंकतही राहिली. १९७२ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने इव्हॉन गुलागाँगला तिच्या मायदेशात ६-४, ६-४ असे हरवले. मार्गारेट कोर्टच्या साथीने दुहेरीत चार प्रमुख विजेतीपदे मिळवली, त्यांपैकी तीन एकट्या १९७३ सालची. १९७५ मध्ये तिचे जागतिक मानांकन दुसरे होते. एकेरीत पन्नासहून अधिक स्पर्धा तिच्या नावावर आहेत. या साऱ्या काळाला ‘विंबल्डनची प्रतीक्षा’ असे एकच नाव देणे म्हणजे एखाद्या लेखकाची तीस वर्षांची ग्रंथसंपदा ‘पुरस्कारापूर्वीचे लेखन’ या शीर्षकाखाली टाकण्यासारखे आहे. आपल्या वाङ्मयेतिहासांत हेही घडते, म्हणून तर ही तक्रार आम्हांला परकी वाटत नाही.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल : विंबल्डनची आस खुद्द वेडलाही होतीच की! होती, यात शंका नाही. आपल्या लोकांसमोर जिंकण्याची ओढ कोणत्या खेळाडूला नसते? १९७८ साली मेरी लू मेलास यांच्या साहाय्याने लिहिलेले तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्याचे नाव ‘कोर्टिंग ट्रायम्फ’. इंग्रजीत ‘कोर्ट’ म्हणजे टेनिसचे मैदान आणि क्रियापद म्हणून प्रियाराधन. तेव्हा विजयाचा अनुनय असा श्लेष त्या शीर्षकात आहे. विजयानंतर वर्षभरात असे पुस्तक येते, तेव्हा प्रकाशकाला आणि वाचकाला काय हवे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. पण एखाद्या व्यक्तीची तीव्र इच्छा ही तिच्या आयुष्याची संपूर्ण रचना नव्हे. इच्छा तिची होती. तिला कथानकाचा कणा इतरांनी केले.

ज्या सामन्यावर ही सारी कथा उभी आहे, तो खेळ म्हणून फारसा उंचीचा नव्हता, असे त्याचे अनेक जाणकारही सांगतात. पहिल्या सेटमध्ये वेड बिचकत खेळली. दुसऱ्यात ३-० अशी पुढे जाऊन ३-३ वर आली. आणि तेथून पुढच्या दहांपैकी नऊ गेम तिने जिंकले. या पडझडीत स्टोवेचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. त्या वर्षी बेटी स्टोवे महिला एकेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा तिन्ही अंतिम सामन्यांत पोहोचली होती आणि तिन्ही हरली. एकेरीच्या उपांत्य फेरीत तिने स्यू बार्कर या ब्रिटिश मुलीला हरवून दोन ब्रिटिश स्त्रियांमधला अंतिम सामना होऊ दिला नव्हता. आमच्या मते त्या पंधरवड्यातली सर्वांत विलक्षण व्यक्तिरेखा तीच आहे. पण राणी आली होती ती दुसऱ्या कथेसाठी.

फलागमानंतर पडदा पडतो. प्रत्यक्षात वेडने तो पडू दिला नाही. १९७८ मध्ये ती पुन्हा उपांत्य फेरीत होती. १९८३ मध्ये, अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तिने उपांत्यपूर्व फेरी गाठली. एकेरीत ती १९८५ पर्यंत खेळली. दुहेरी धरून विंबल्डनमधली तिची हजेरी सव्वीस वर्षांची भरते. हा हट्ट फलासाठी नव्हता, कारण फल मिळून गेले होते. त्याचे काय करायचे हे साचेबंद चरित्रकाराला कळत नाही. त्याला एक तर ‘दीर्घायुषी कारकीर्द’ अशी नोंद करून पुढे जावे लागते, किंवा ‘कोठे थांबावे हे कळले नाही’ असे कुजबुजावे लागते.

आता गंमत पाहा. ज्या दुपारीसाठी बाकी सारे आयुष्य कापले गेले, ती दुपारही पुढे कापली गेली. जुलै २०१३ मध्ये अँडी मरेने विंबल्डन जिंकले, तेव्हा ‘ब्रिटनची सत्त्याहत्तर वर्षांची प्रतीक्षा संपली’ अशा आशयाचे मथळे झळकले. १९३६ च्या फ्रेड पेरीपासूनची ही मोजणी. पुरुषांपुरती ती बरोबर आहे; पण अनेक मथळ्यांत ‘पुरुष’ हा शब्दच नव्हता. १९३६ आणि २०१३ यांच्या दरम्यान डोरोथी राउंड १९३७ मध्ये, अँजेला मॉर्टिमर १९६१ मध्ये, ॲन जोन्स १९६९ मध्ये आणि वेड १९७७ मध्ये, अशा चार ब्रिटिश स्त्रिया तेथे एकेरीत विजेत्या ठरल्या होत्या. काहींनी त्या वेळी हे दाखवून दिले, म्हणून ते आज बोलता येते. १९७७ मध्ये ‘ब्रिटनचा विजय’ म्हणून देशभर साजरी झालेली गोष्ट छत्तीस वर्षांनी ‘स्त्रियांचा विजय’ या कोपऱ्यात सरकली होती. (खुद्द मरेला याचे भान होते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये टेनिसची दोन सुवर्णपदके मिळवणारी तू पहिली व्यक्ती, असे मुलाखतकाराने म्हणताच त्याने व्हीनस आणि सेरेना विल्यम्सची आठवण करून दिली होती.)

११ सप्टेंबर २०२१ रोजी न्यू यॉर्कमध्ये एमा राडुकानूने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. पात्रता फेरीतून आलेल्या खेळाडूने, स्त्री वा पुरुष, प्रमुख स्पर्धेचे एकेरीतले विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. वय अठरा, मानांकन १५०, दहा सामने, एकही सेट गमावलेला नाही. प्रेक्षकांत शहात्तर वर्षांची वेड बसली होती. ‘चव्वेचाळीस वर्षांनी’ असे सर्वत्र म्हटले गेले, कारण मोजणी १९७७ पासून होती. त्या स्पर्धेपुरते पाहिले, तर आकडा त्रेपन्न होता आणि तो त्या प्रेक्षागृहात बसलेल्या बाईंनीच पहिल्या वर्षी लिहिला होता.

राडुकानूच्या वाट्याला उलटे दुर्दैव आले. तिला फलागम आरंभीच झाला, आणि त्यानंतरचे सारे उतरणीचे मानले गेले. २०२२ मध्ये विजेतेपद राखण्यासाठी आली असता ती पहिल्याच फेरीत हरली. २०२३ मध्ये दोन्ही मनगटांवर आणि एका घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या. प्रशिक्षक एकामागून एक बदलले. त्यावर लेखच्या लेख आले. २०२१ च्या विंबल्डनमध्ये श्वास लागून सामना सोडावा लागला, तेव्हाच तिच्या मनोधैर्याची चिकित्सा सुरू झाली होती, जशी एके काळी वेडची होत असे. मधल्या काळात शब्दही फारसे बदललेले नाहीत. पुढे २०२४ मध्ये विंबल्डनची चौथी फेरी, २०२५ मध्ये मायामीची उपांत्यपूर्व फेरी, या कोणत्याही व्यावसायिक खेळाडूच्या दृष्टीने चांगल्या कामगिऱ्या; पण त्या उपसंहारातल्या तळटीपा म्हणून वाचल्या गेल्या. मराठी समीक्षेने याबाबतीत फार वरचढपणा दाखवू नये. ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, आणि नंतर कित्येक वर्षे त्यांच्या प्रत्येक कादंबरीला आपण त्याच मापाने मोजत आलो.

दोन कारकिर्दी, एकीत फळ उशिरा आले म्हणून आधीचे आयुष्य रिते ठरले, दुसरीत लवकर आले म्हणून नंतरचे. माप मात्र एकच. ते माप खेळाचे नाही, कथेचे आहे, आणि कथेची मापे तपासणे हे तर आपले रोजचे काम. वर्गात पंचावस्था शिकवताना त्या नाट्यवस्तूच्या आहेत, माणसाच्या आयुष्याच्या नव्हेत, हे आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राडुकानूला तेवीस वर्षे पूर्ण झाली. फॉरेस्ट हिल्सवर बिली जीन किंगला हरवले, तेव्हा वेडचे वय एवढेच होते. त्यानंतर ती आणखी सतरा वर्षे एकेरीत खेळली.