खवीस आपला, मग गोष्ट दुसऱ्याने का सांगायची?

मराठी लोककथांत भुतांचीही जात ठरलेली असते. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत मेला, तो ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. आणि मुसलमान मेला की त्याचा खवीस होतो. शब्दही आपल्याच घरातून गेलेला आहे. अरबी ‘खबीस’, म्हणजे नापाक, दुष्ट. नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही गावात पारावरच्या म्हाताऱ्याला विचारा, तो खवीस कसा दिसतो ते सांगेल. त्या खविसाचं नाव काय होतं, तो कोणाचा बाप होता, कशाने मेला, हे मात्र कोणी सांगणार नाही.

म्हणजे मराठी भयकथेत आपण आहोत, पण भूत म्हणून. लेखकांच्या यादीत आपली नावं शोधावी लागतात.

पडद्यावरही फार वेगळं नाही. हिंदी भयपटात मुसलमान बहुतेक वेळा दोनच रूपांत येतो. एक तर झाडफूक करणारा मौलवी, नाही तर खुद्द बला. २०१८ च्या ‘परी’मध्ये तर इफ्रितच होता. दुसरीकडे त्याच वर्षी आलेला ‘तुंबाड’ नारायण धारपांच्या कथेवरून सुचला. तो २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. त्याच वर्षी कोकणातल्या मुंजावरचा ‘मुंज्या’ही चालला. मराठी मातीतल्या भीतीला आज बाजार आहे, प्रेक्षक आहे. अशा वेळी आपल्या पोरापोरींनी भयकथा लिहावी आणि छोट्या, स्वतंत्र अंकांकडे पाठवावी, असं मला वाटतं. छंद म्हणून लिहिलंत तरी हरकत नाही. पण यात छंदापेक्षा जास्त काही आहे.

छोटे अंक, मोठं काम

इंग्रजीत अशा अंकाला ‘झीन’ म्हणतात. मॅगझीनचं शेपूट तेवढं ठेवलेलं. दोन-चार मित्र मिळून काढतात, पानं कमी, पैसा त्याहून कमी, पण कोणाची परवानगी लागत नाही. मराठीला हे नवं नाही. १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढला आणि लघुअनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. आपल्या मराठवाड्यात गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालवलं. ज्यांना मोठ्या मासिकांचं दार उघडत नव्हतं, अशा किती तरी दलित लेखकांचं पहिलं लेखन तिथे छापून आलं. त्यानंतर मराठी साहित्य पूर्वीसारखं राहिलं नाही. आपल्यापुरतं बोलायचं तर १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तिथून कविता, कथा, आत्मकथनं, वैचारिक लेखन पुढे आलं. भयकथेची जागा अजून रिकामी आहे.

भयकथेला मराठीत घर मात्र जुनं आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला. पुढे अनंत अंतरकरांचं ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी गूढ, रहस्य आणि भय यांना हक्काची पानं दिली. धारप आणि रत्नाकर मतकरी घराघरात पोचले.

आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे?

भयकथेसाठी वाडा, पिंपळ आणि अमावास्या लागते, असा समज आहे. आपल्या दोन जिल्ह्यांकडे जरा बघा.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार इतिहासात नोंदलेले आहेत, आणि ते नाकारण्यात आपलं काही भलं नाही. त्यानंतर जे झालं त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली. समितीने संपूर्ण हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी जिवावर उदार झालेल्या हिंदूंचाही त्या अहवालात उल्लेख आहे. हा अहवाल अनेक दशकं जाहीर झाला नाही. आपल्या घरांतही तो काळ बंदच राहिला. ‘त्या विहिरीकडे जाऊ नको’ एवढंच दादी म्हणायची. कारण विचारलं की दुसरा विषय काढायची. ज्या विहिरीचं कारण कोणी सांगत नाही, तिच्यावर भयकथा लिहायला वेगळं भूत कशाला हवं?

१९९३ चा ३० सप्टेंबर घ्या. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ज्या घराने गारवा दिला, तेच घर अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. नवी गावं वसली, जुनी गावठाणं मागे राहिली. घरानेच घरच्यांना मारणं, याहून भयंकर कल्पना जगातल्या कोणत्या भयकथाकाराने केली आहे?

२०१६ चा उन्हाळा तर आपण सगळ्यांनी पाहिला. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. रात्री दोन वाजता टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी असलेली माणसं आणि त्यात कोणालाच न ओळखणारी एक बाई. घ्या, पहिलं वाक्य तयार आहे.

शिवाय आपल्याकडे जिन्न आहे. इतरांच्या भुतांपेक्षा त्याचा स्वभाव वेगळा. तो मेलेल्या माणसाचा आत्मा नाही. आगीतून घडवलेली ती वेगळी मखलूक आहे आणि कुरआनमध्ये त्यांच्या नावाची सूरहच आहे. त्यांच्यातही नेक आहेत, बद आहेत, त्यांनाही हिशोब द्यायचा आहे. म्हणजे आपल्या गोष्टीतला अदृश्य शेजारी आपल्यापेक्षा चांगलाही निघू शकतो. नेहमीच्या मारझोडीच्या भयकथेत ही सोय नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप घरातून येईल. हे वाचून अकीदा बिघडेल, तावीज-गंड्यांचं दुकान चालेल. आक्षेप खोटा नाही, ती दुकानं आहेतच. पण गोष्ट गोष्ट म्हणून सांगणं वेगळं आणि भीती विकून पैसे घेणं वेगळं. ‘तिलिस्मे होशरुबा’ १८८३ पासून लखनऊच्या नवल किशोर प्रेसमधून छापली गेली. जादूगारांनी भरलेली ती दास्तान वाचून कोणी जादूगाराकडे बैत केली नाही. उलट, भोंदू बाबाला गोष्टीत नागडा करता येतो.

दुसरा आक्षेप पुरोगामी मित्रांचा. महाराष्ट्रात २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि तुम्ही भुतं लिहिता? त्यांना मतकरींची आठवण द्यावी. आयुष्यभर गूढकथा लिहिणारा हा माणूस नर्मदा आंदोलनाच्या बाजूने उभा होता. भीती कशी तयार होते हे ज्याला कळतं, त्याला ती कोण आणि कशासाठी तयार करतो हेही कळतं.

तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो. आधीच आपल्याला भयंकर ठरवलं जातंय, त्यात आपणच भय कशाला लिहायचं? माझ्या मते म्हणूनच लिहायचं. भयकथेत वाचक ज्याच्या डोळ्यांनी बघतो, त्याच्याच जिवाची त्याला काळजी वाटते. तुमची रुखसाना अंधाऱ्या जिन्यावर उभी असेल तर वाचक चार पानं तिचाच श्वास घेतो. घर भाड्याने मागताना नाव सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो भाषणात सांगून पटत नाही. गोष्टीत पटतो. अहमद सादावी यांनी बॉम्बस्फोटांत मेलेल्यांच्या अवयवांतून उभा राहिलेला राक्षस ‘फ्रँकेन्स्टाईन इन बगदाद’मध्ये लिहिला. २०१४ मध्ये त्या कादंबरीला अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बगदादबद्दल बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या. तिथल्या माणसांची भीती मात्र त्या राक्षसामुळे कळली.

पाठवण्यापूर्वी

आता कामाचं बोलू.

ज्या अंकाला कथा पाठवायची, त्याचा एक तरी अंक आधी वाचा. शब्दमर्यादा पाळा. फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली कथा अनेक संपादक ‘आधी प्रसिद्ध झालेली’ मानतात. म्हणून आधी पाठवा, नंतर मिरवा. एकच कथा दोन ठिकाणी पाठवायची असेल तर नियम बघा, आणि एकीकडे निवड झाली की दुसरीकडे लगेच कळवा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, ऑक्टोबरात जाग येऊन उपयोग नाही.

मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि संपादक ती दुरुस्त करत बसणार नाही.

कथा यंत्राकडून लिहून घेऊ नका. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या नामांकित विज्ञानकथा मासिकाला अशा कथांच्या पुरामुळे काही काळ कथा स्वीकारणंच बंद करावं लागलं. तुमच्या गल्लीतली भीती यंत्राला माहीत नाही. ती तुम्हालाच माहीत आहे.

छोटा अंक मानधन देईलच असं नाही. हक्क मात्र सांभाळा. फक्त एकदा छापण्याचा हक्क द्या. सिनेमा, ऑडिओ, अनुवाद तुमच्याकडे ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखीच लागतं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. सही करण्याआधी वाचा.

भाषेला घाबरू नका. निवेदन मराठीत आणि अम्मी-अब्बांचे संवाद दखनीत, देवनागरी लिपीत, हे बिनधास्त करा. ‘कैकू’ आणि ‘नक्को’ला तळटीप लागत नाही, मराठवाड्यात ते सगळ्यांना कळतं. टोपणनाव घ्यायचं तर घ्या, ती जुनी परंपरा आहे आणि काहींसाठी आज गरजही आहे. पण पात्रांची नावं बदलू नका. कोणी संपादक म्हणाला की रुखसानाची राधा केली तर कथा जास्त लोकांना भावेल, तर नम्रपणे कथा परत घ्या आणि दुसरीकडे पाठवा.

नकार येतील. बहुतेक वेळा उत्तरच येणार नाही. तेव्हा दुसरी कथा लिहायला घ्या. आणि चार-पाच नकार एकाच गावात जमले, तर तुम्हीच एक अंक काढा. सोळा पानं, झेरॉक्स आणि स्टेपलर एवढ्यात काम होतं. नांदेडला किंवा लातूरला कॉलेजजवळच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात हे एका दुपारी होण्यासारखं आहे.

पहिल्या पानावर खविसाची गोष्ट घ्या. सुरुवात त्याच्या नावाने करा.