कॅशबॅक कुणाच्या खात्यात?

क्रेडिट कार्डाच्या कॅशबॅकवर लिहिते आहे म्हटल्यावर आमच्यातल्याच एका कार्यकर्तीने विचारले, "हा आपला विषय आहे का? हा हिंजवडीच्या पगारदार बायकांचा प्रश्न." मला हा आक्षेप पटत नाही. एक तर हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, आणि पगारदार बाईचा पगार घरी गेल्यावर कुणाच्या हातात जातो हे आपल्याला ठाऊक आहे. दुसरे म्हणजे कार्ड आता हिंजवडीपुरते राहिलेले नाही. पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या, भूगावात छोटे दुकान चालवणाऱ्या बायकांनाही फोन येतात. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की कुणीतरी हळूच विचारतेच, "ताई, कार्ड घेऊ का? पैसे परत मिळतात म्हणे."

पैसे परत मिळतात खरे. पण ते कुठून येतात? बँक खिशातून देत नाही. कार्डाने पैसे घेणारा दुकानदार दर व्यवहारामागे काही टक्के बँकेला देतो, त्यातला तुकडा गिऱ्हाइकाकडे परत येतो. दुकानदार हा खर्च मालाच्या किमतीत धरतो, म्हणजे रोख पैसे मोजणारी बाईही तो भरते. दुसरा झरा त्याहून मोठा: ज्यांना महिन्याचे बिल पूर्ण भरता येत नाही त्यांच्याकडून मिळणारे व्याज. एकीला मिळालेल्या कॅशबॅकमध्ये दुसरीच्या अडचणीचे पैसे असतात.

आता साधा हिशेब करू. महिन्याला १०,००० रुपयांचा घरखर्च कार्डाने केला. जाहिरातीत ५ टक्के लिहिलेले असते, पण ते ठरावीक ठिकाणच्या खरेदीवर आणि ठरावीक मर्यादेपर्यंत. एरवी साधारण १ टक्का धरा. पेट्रोल, घरभाडे, सोने यांवर बहुतेक कार्डे काहीच देत नाहीत. म्हणजे महिन्याला १०० रुपये, वर्षाला १,२००. वार्षिक शुल्क ४९९ असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये गेले. उरले ६११. आता एखाद्या महिन्यात मूल आजारी पडले आणि बिलावर लिहिलेली किमान रक्कम, म्हणजे ५०० रुपये, तेवढीच भरली. महिन्याला साडेतीन टक्के दराने, जीएसटी धरून, ४०० रुपयांच्या वर व्याज लागते. शिवाय पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत बंद होते; दूध घेतल्या दिवसापासून दुधावर व्याज. असे दोन महिने वर्षात आले की वर्षभराचा कॅशबॅक संपून पदरचे गेले. आपल्या गटात असे दोन महिने कुणाच्या घरी येत नाहीत?

महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे. बँकेला हा कायदा लागू नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. गटातले कर्ज महिन्याला दोन टक्क्यांनी घेतले तरी ते व्याज शेवटी आपल्याच गटात राहते, दिवाळीला वाटून घेता येते. हा फरक मी बैठकीत फळ्यावर लिहून दाखवते. आकडे बायकांना कळत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा गटाची नोंदवही पाहावी.

पण माझा मुख्य मुद्दा टक्क्यांचा नाही.

आपल्या आया-आज्या घरखर्चातून चार पैसे मागे टाकत. तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत. भाजीवाल्याशी घासाघीस करून वाचवलेले दोन रुपये तिचे असत. मुलीची फी, माहेरचा प्रवास, कधी मार खाऊन बाहेर पडावे लागले तर एसटीचे तिकीट, हे त्याच डब्यातून निघे. कायद्याने तो डबा तिचा होता का, हा प्रश्न वेगळा. इंग्लंडमध्ये १९४३ साली एका खटल्यात न्यायालयाने घरखर्चातून बायकोने वाचवलेले पैसे नवऱ्याचेच असे ठरवले. तिथे कायदा करून त्यात तिचा अर्धा वाटा मान्य व्हायला १९६४ साल उजाडले. आपल्याकडे निदान डबा तिच्या हाताशी होता.

कॅशबॅकने हा डबा मोडला आहे. कुठे स्वस्त मिळते ते शोधायचे, यादी करायची, सवलतीची तारीख लक्षात ठेवायची हे काम तिचेच. पण वाचलेले पैसे कार्ड ज्याच्या नावावर त्याच्या बिलात वजा होतात. तिला मिळते ते बहुधा ॲड-ऑन कार्ड. त्याचे बिल नवऱ्याच्या नावाने येते आणि कार्ड फिरवल्याचा संदेश त्याच्या मोबाइलवर जातो. पॅड कुठल्या दुकानातून घेतले, डॉक्टरकडे कधी गेली, सगळे कळते. एका मैत्रिणीने सांगितले, तिला दर संध्याकाळी प्रत्येक संदेशाचा जाब द्यावा लागतो. पूर्वी पिशवी तपासत, आता मोबाइल.

उलटेही घडते. नोकरी बाईची, म्हणून कार्ड तिच्या नावावर. वापरणारे दीर आणि नवरा. "कॅशबॅक मिळतोय ना," हे वर ऐकवायचे. वेगळे व्हायची वेळ आली की मोटरसायकलचे टायर, मोबाइल सगळे त्यांच्याकडे आणि थकबाकी हिच्याकडे. बँकेच्या लेखी कर्जदार तीच.

मुळशीच्या बायकांना हे नवीन नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा समान हक्क आला आणि जमिनी विकताना बहिणींच्या सह्या लागू लागल्या. किती जणींना गाडीत बसवून पौडला नेले, हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि एक साडी देऊन परत पाठवले! भाऊ गुंठामंत्री झाले. आज सहीच्या जागी ओटीपी आला आहे. "नंबर आला का गं, सांग जरा," एवढेच.

म्हणून कार्ड वाईटच, असे सरसकट म्हणायला मी तयार नाही. पगार स्वतःच्या खात्यात येत असेल, मोबाइल स्वतःच्या ताब्यात असेल आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत असेल, तर बिनशुल्काचे कार्ड स्वतःच्या नावावर जरूर घ्यावे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यापर्यंत बँका बाईकडे नवऱ्याची सही मागू शकत होत्या. स्वतःच्या नावावर पत असणे ही बायकांनी लढून मिळवलेली गोष्ट आहे. वेळेवर फेडीची नोंद उद्या घरासाठी कर्ज मागताना कामी येते, आणि ॲड-ऑन कार्डाने ती नोंद होत नाही. माझ्या मते ती नोंद कॅशबॅकच्या हजार-बाराशेहून मोलाची. पण ज्यांची मिळकत महिन्यागणिक वरखाली होते, त्या आमच्या बहुतेक मैत्रिणींना मी "घेऊ नकोस" असेच सांगते. आंबेमोहोर शेजारणीकडूनच घ्यायचा असेल तर तिथे कुठला आलाय कॅशबॅक?

ज्यांनी आधीच घेतले आहे त्यांच्यासाठी: रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड पाठवता येत नाही. थकबाकी नसेल तर बंद करण्याचा अर्ज आल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले पाहिजे. नाही केले तर दर दिवसाला ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यायचे. अर्ज लेखी करा, पोच ठेवा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपले शेवटचे बिल आणावे, आणि कार्ड कुणाच्या नावावर व मोबाइल नंबर कुणाचा जोडलेला आहे, हे आधी पाहून यावे.