मी या माणसाला ओळखत नाही

जून १९४१. व्हिल्ना शहरातल्या एका खात्यापित्या ज्यू कुटुंबाच्या घरात सोव्हिएत सैनिक शिरले आहेत. हाती लागेल ते सामान बांधा आणि चला, असा हुकूम. गुन्हा काय, तर हे लोक भांडवलदार आहेत. एवढ्यात घरच्या बाईचा भाऊ दारात येऊन उभा राहतो. हा कोण, असे सैनिक विचारतात. बाई सांगून टाकते, मी या माणसाला ओळखत नाही. सैनिक त्याला जाऊ देतात. निदान भाऊ तरी यातून सुटला, एवढेच समाधान घेऊन ती घराबाहेर पडते.

हे सगळे पाहणारी तिची एकुलती एक मुलगी त्या वेळी दहा वर्षांची होती. तिचे नाव एस्थर रुडोमिन. लग्नानंतर ती एस्थर हाउत्झिग झाली आणि १९६८ साली तिने अमेरिकेत ‘द एन्डलेस स्टेप’ हे पुस्तक लिहिले. ग्रंथालयात ते बहुतेक वेळा किशोर कादंबऱ्यांच्या कपाटात सापडते आणि वाचायलाही ते कादंबरीसारखेच आहे. पण त्यातला प्रसंग न् प्रसंग तिच्या स्वतःच्या आयुष्यातला आहे. स्टेप म्हणजे जिथे नजर टेकायला झाड नाही, डोंगर नाही, असा अफाट गवताळ माळ.

त्या माळावर पोचायला गुरे वाहून नेण्याच्या डब्यातून सहा आठवडे लागले. आजोबांची स्टेशनवरच ताटातूट झाली. ते पुढे दुसरीकडच्या छावणीत वारले. आई, वडील, आजी आणि एस्थर यांना सायबेरियातल्या आल्ताय प्रांतात रुब्त्सोव्स्क या गावाजवळ जिप्समच्या खाणीवर उतरवण्यात आले. काल-परवापर्यंत घरात नोकरचाकर असलेली आई सुरुंग लावण्याच्या कामाला लागली, वडील घोडागाडी हाकू लागले, म्हाताऱ्या आजीच्या हाती फावडे आले आणि मुलगी बटाट्याच्या शेतात राबू लागली.

असे पुस्तक म्हटले की पानोपानी रडारड असेल, असे वाटते. इथे ती फारशी नाही, आणि हीच या लेखिकेची खरी ताकद आहे. पोलंडच्या नागरिकांना त्या वर्षी माफी मिळाली आणि कुटुंब खाणीवरून गावात राहायला आले. तिथल्या आठवडी बाजारात घरचे उरलेसुरले कपडे विकताना एस्थरला घासाघीस करण्यात चक्क मजा वाटू लागते. दुसऱ्यांचे स्वेटर विणून ती बटाटे आणि दूध मिळवते. शाळेत रशियन शिकते, पुश्किनच्या कवितेवर जीव टाकते. काव्यवाचनाच्या स्पर्धेला ती अनवाणी जाते, तर चपलांशिवाय व्यासपीठावर येता येणार नाही, असे बाई सांगतात. धावत घरी, पायांत काहीतरी अडकवून धावत परत. धापा टाकत म्हटलेल्या कवितेला बक्षीस कुठले मिळायला! वडिलांना सक्तीच्या कामावर दूर नेतात तो प्रसंग मोठा आहे. पण मुलांच्या मनात घर करून राहील तो हा चपलांचा प्रसंग. एवढ्या हालअपेष्टांतही मुलीला शाळेत नाव मिळवायचे असते, मैत्रिणींसारखे दिसायचे असते. मोठी माणसे हे विसरतात, ही लेखिका विसरलेली नाही.

आता पुन्हा त्या दारातल्या भावाकडे. कुटुंबाची रवानगी झाल्यावर काही दिवसांतच जर्मन फौजा व्हिल्नात शिरल्या. शहराबाहेर पोनारीच्या जंगलात हजारो ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. युद्ध संपल्यावर बातम्या येऊ लागल्या तेव्हा कळले, की मागे राहिलेले बहुतेक सगळे नातेवाईक गेले. तो भाऊही गेला. ‘हा माझा भाऊ’ असे आईने सांगितले असते, तर त्यालाही गुरांच्या डब्यात कोंबले असते आणि कदाचित तो जगला असता. शिक्षा म्हणून ज्यांना हाकलले ते वाचले, आणि घरी राहिले ते संपले. भावाला वाचवायला उच्चारलेला तो एक शब्द त्या आईने पुढे जन्मभर कसा बाळगला असेल? लेखिका यावर व्याख्यान झोडत नाही. कोणाला दोषही देत नाही.

१९४६ साली पोलंडला परतायची वेळ आली तेव्हा पंधरा वर्षांच्या एस्थरला सायबेरिया सोडवेना, हे वाचून आश्चर्य वाटते. पण पाच वर्षांत ती तिथेच तर मोठी झाली होती! पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर ॲडलाय स्टीव्हन्सन या राजकारणी गृहस्थांचे रुब्त्सोव्स्कच्या भेटीवरचे लेखन तिच्या वाचनात आले. तिने त्यांना पत्र लिहिले, आणि तुम्ही हे सगळे लिहून काढा, असा आग्रह त्यांनीच धरला.

मराठी वाचकाला ही कहाणी वाटते तितकी परकी नाही. पोलंडमधून अशाच गाड्यांतून सोव्हिएत मुलुखात नेलेली माणसे १९४१च्या माफीनंतर सुटली आणि त्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी मुलांना आसरा दिला आणि कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३पासून जवळजवळ पाच हजार पोलिश माणसांची वसाहत उभी राहिली. त्यांत बायका-मुलेच जास्त होती. रुडोमिन कुटुंब मात्र या वाटेने आले नाही. ते युद्ध संपेपर्यंत त्या माळावरच राहिले.

पुस्तकाचे इंग्रजी सोपे आहे. आठवी-नववीतल्या, इंग्रजी वाचनाची सवय असलेल्या मुलाला ते एकट्याने वाचता येईल. पहिले प्रकरण मात्र आई-वडिलांनी मुलांबरोबर बसून वाचावे. मामाला ओळखत नाही असे आई का म्हणाली, हे मूल विचारणारच.