पट्टी झटपट हवी ना? मग डॉट मॅट्रिक्सला चित्र काढायला लावू नका

हळदीच्या सीझनमध्ये वसमत किंवा हिंगोलीच्या मार्केट यार्डात एखाद्या अडत दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहून बघा. माल मोजून झालाय, भाव ठरलाय, आणि शेतकरी थांबलाय तो फक्त पट्टीसाठी. प्रिंटर एकेका ओळीवरून तीन-तीन वेळा करकरत फिरतोय. मालक म्हणतो, "प्रिंटर म्हातारा झाला, लेझर घेऊन टाकू."

माझं मत स्पष्ट आहे: दहातल्या आठ ठिकाणी प्रिंटर ठीक असतो, सेटिंग चुकलेली असते. तुम्ही कॉम्प्युटर सर्व्हिसचा धंदा सुरू करणार असाल, तर नवा प्रिंटर विकण्याआधी हे शिकून घ्या.

लेझर आणि थर्मल प्रिंटर कार्बन कॉपी काढू शकत नाहीत. मालाच्या जीएसटी इनव्हॉइसच्या तीन प्रती लागतात: एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. डॉट मॅट्रिक्सची पिन कागदावर आपटते, म्हणून तिन्ही एका दमात निघतात. थर्मलची पावती आपल्या उन्हाळ्यात फिकी पडते, आणि जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात.

आता लिनक्सकडे या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बऱ्याच दुकानांतले जुने पीसी अडकले. त्यांच्यावर लिनक्स छान चालतं. पण तुमचा गिऱ्हाईक टॅलीवर काम करत असेल तर त्याला नुसत्या प्रिंटरपायी लिनक्सवर नेऊ नका. उगाच दोघांनाही ताप.

लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाची सिस्टिम बघते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ६३१ उघडलं की प्रिंटर जोडायचं पान येतं. तिथे घाईत सगळे 'एप्सन ९ पिन' निवडतात. टेस्ट पेज येतं, सगळे खूश. पण हा ड्रायव्हर प्रत्येक पान चित्र म्हणून पाठवतो. ठिपका-ठिपका! म्हणून तो वेळ लागतो. पट्टीसाठी 'जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली' निवडा. मग फक्त अक्षरं जातात आणि प्रिंटर पोटातल्या स्वतःच्या फॉन्टने ती धडाधड छापतो.

एवढ्याने भागत नाही. ब्राउझरमधून प्रिंट दिली की ती आधी पीडीएफ होते, आणि साध्या टेक्स्टच्या प्रिंटरवर रकाने विस्कटतात. बिलिंग सॉफ्टवेअरने साधं टेक्स्टच पाठवायला हवं. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, "डॉस प्रिंट आहे का?" त्याला लगेच कळेल.

काही मॉडेलवर ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जातात. घाबरू नका. युनिक्स घराण्यात ओळ संपल्याची एकच खूण असते, 'खाली जा'. 'डावीकडे परत या' ही दुसरी खूण त्या प्रिंटरला वेगळी लागते, ती सेटिंगमधून जोडायची. उलट प्रत्येक ओळीनंतर एक ओळ रिकामी सुटत असेल, तर प्रिंटरचं ऑटो लाइन फीड बंद करा.

आता खरा अवघड प्रश्न, मराठीचा. बहुतेक ९ पिन प्रिंटरच्या पोटात देवनागरी नसते. म्हणजे मराठी हवी तर चित्र, आणि चित्र म्हटलं की रांग. म्हणून काहीजण सरळ इंग्रजी पट्टी देतात. मला हे पटत नाही. हमाली, तोलाई, कपात, निव्वळ रक्कम हे शेतकऱ्याला स्वतःला वाचता आलंच पाहिजे, कारण वाद तिथेच होतो. उपाय जुनाच आहे: प्रेसमधून मराठी मथळ्यांची कंटिन्युअस स्टेशनरी छापून घ्या आणि प्रिंटरने फक्त आकडे भरा. नाव बॉलपेनने जोर देऊन लिहिलं तर तेही खालच्या प्रतींवर उतरतं. कुणाला सगळंच मराठीत छापून हवं असेल तर २४ पिन घ्यावा लागेल, अक्षर चांगलं येईल, पण वेग कमी राहील हे आधीच सांगा.

छापील फॉर्म म्हटला की लांबी अचूक लागते. इंचाला ६ ओळी धरल्या तर ६ इंची पट्टीत ३६ ओळी बसतात. सेटिंग लांब पानाची राहिली तर आकडा हमालीच्या रकान्यातून तोलाईत जातो, आणि मग शिव्या तुम्हाला. काम झाल्यावर सलग २० पट्ट्या काढा. विसावी पट्टी पहिल्या पट्टीवर ठेवून उजेडात धरा. आकडे एकावर एक बसले तरच बिल द्या.