पासपोर्ट काही शिकवत नसतो

बी.एड. झालेल्या, वर्षानुवर्षं वर्गावर उभ्या राहिलेल्या इंग्रजीच्या शिक्षिकेने परदेशात इंग्रजी शिकवायच्या नोकरीचा विचार बोलून दाखवला, की दोन जातींचे सल्लागार धावून येतात. पहिले म्हणतात, ‘तिकडे गोरेच लागतात हो, उगाच कशाला कागद काळे करता?’ दुसरे कोर्स विकणारे. त्यांच्या मते ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलं की बॅग भरायचीच बाकी. दोघेही चुकतात. पण पहिल्यांच्या म्हणण्यात निदान अर्धं सत्य आहे, आणि अर्धं सत्यच जास्त नडतं, म्हणून आधी त्यांचा समाचार घेऊ.

दक्षिण कोरियाचं उदाहरण हे लोक हमखास देतात. तिथल्या भाषाशिक्षकांच्या ई-२ व्हिसासाठी इंग्रजीच्या बाबतीत सात देशांचे नागरिक धरले जातात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कोणत्याही विषयातली चालते. यादीतलं शेवटचं नाव मात्र पुन्हा वाचा. दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारी माणसं शंभरात दहासुद्धा नाहीत. झुलू, खोसा, आफ्रिकान्स बोलणारी घरं त्याहून जास्त. हे कोरियाच्या सरकारलाही ठाऊक आहे. म्हणूनच सरकारी शाळांसाठीच्या ‘एपिक’ योजनेत तिथल्या उमेदवाराकडून सातवीपासूनचं शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा दाखला मागतात. म्हणजे घरी झुलू बोलणारा आणि शाळेत इंग्रजी कमावलेला माणूस बुसानच्या वर्गात शिकवू शकतो, हे तत्त्व त्यांनी स्वतःच मान्य केलेलं आहे. तसाच दाखला नाशिकच्या किंवा मडगावच्या शिक्षिकेलाही मिळू शकतो. तो घ्यायला कुणी तयार नाही, एवढंच. मग अडलं ते इंग्रजीपाशी की पासपोर्टापाशी? भारत-कोरिया व्यापार-करार २०१० पासून लागू झाला आणि शिक्षकाची अर्हता असलेल्या भारतीयांसाठी सरकारी शाळांत सहायक म्हणून एक फट उघडली. फट अरुंद आहे, पण ‘गोरेच लागतात’ म्हणणाऱ्यांना ती ठाऊकच नसते.

जपानची अट वेगळी, आणि माझ्या मते मराठी माध्यमवाल्यांना जास्त झोंबणारी. तिथल्या शाळांत परदेशी सहायक शिक्षक नेण्याची ‘जेट’ योजना १९८७ पासून चालू आहे. पण इंग्रजी शिकवण्यासाठी जो व्हिसा लागतो त्याच्या नियमांत, जी भाषा शिकवायची तिच्यातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी अट आहे. पासपोर्ट बघण्यापेक्षा ही अट बरी, कारण पुण्याच्या इंग्रजी माध्यमातली मुलगी तीत बसते. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, पुढे एम.ए. इंग्रजी करून, पोरांना हातचं न राखता व्याकरण शिकवणारा मास्तर तीत बसत नाही. इंग्रजी शिकून कसं येतं हे ज्याने स्वतः अनुभवलं, तोच नेमका बाहेर.

या सगळ्या अटींच्या बुडाशी एकच समजूत आहे: भाषा ज्याच्या घरची, तोच ती उत्तम शिकवणार. १९६१ साली युगांडात मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी-अध्यापनाची परिषद भरली होती. रॉबर्ट फिलिप्सनने १९९२ च्या आपल्या पुस्तकात तिची उलटतपासणी केली आणि त्या विचारसरणीतल्या ज्या गृहीतकांना भ्रम ठरवलं, त्यांत हे एक होतं. पण पुस्तकं राहू द्या, वर्गात या. बँकॉकमधला विद्यार्थी लिहितो, ‘आय बॉट बुक. बुक इज गुड.’ नुसत्या घरच्या इंग्रजीवर निभावणारा शिक्षक म्हणतो, ‘हे कानाला बरोबर वाटत नाही’, आणि ‘अ’ व ‘द’ घालून देतो. विद्यार्थी पुढच्या वाक्यात तीच चूक करतो. मराठीत हे ‘अ’ आणि ‘द’ नाहीत. थाई, कोरियन, जपानीतही नाहीत. आपली शिक्षिका त्या विद्यार्थ्याच्या जागी कधीकाळी बसलेली आहे. ती टेबलावर दोन पेनं ठेवते, एक उचलते, ‘अ पेन’ म्हणते. मग तेच पुन्हा दाखवून ‘द पेन’. मग तिसरं आणते आणि मुलांनाच विचारते, आता काय म्हणाल? हे लीड्सच्या प्रशिक्षित शिक्षकालाही येतं, नाही असं नाही. पण ते येतं प्रशिक्षणामुळे, जन्मामुळे नाही. माझं भांडण तेवढंच आहे.

आणि पद्धतीचंच म्हणाल, तर कामं देऊन भाषा शिकवण्याचा जो प्रकार आज जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात शिकवला जातो, त्याच्या मुळाशी एन. एस. प्रभूंचा दक्षिण भारतातला प्रयोग आहे. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये मुलांना वेळापत्रकं आणि नकाशे देऊन, ते सोडवता सोडवता इंग्रजी शिकवलं गेलं. प्रभू तेव्हा ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कचेरीत होते, ही त्यातली गंमत.

यावर ‘पण आपलं इंग्रजी?’ असा सवाल येतो, आणि तो रास्त आहे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘सिन्स फाइव्ह इयर्स’, ‘डिस्कस अबाउट’ हे आपल्या स्टाफरूममध्ये खपून जातं. परीक्षकापुढे खपत नाही, आणि खपू नये. शब्दातला जोर चुकीच्या अक्षरावर पडला तर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही, तेही सुधारावं. मात्र अमेरिकन हेल काढायच्या फंदात पडू नये. पाचव्या मिनिटाला तो गळून पडतो आणि मग उमेदवाराबरोबर त्याचा अर्जही खोटा वाटू लागतो.

आता कोर्स विकणारे. ‘१२० तासांचं सर्टिफिकेट’ हा त्यांचा मंत्र. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ अभ्यासक्रमाचेही तास १२०च आहेत; पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवावं लागतं, आणि मागे बसलेला परीक्षक प्रत्येक पाठाची चिरफाड करतो. सवलतीत मिळणाऱ्या पीडीएफ सर्टिफिकेटात एकही विद्यार्थी भेटत नाही. याच सल्लागारांचे चुलत भाऊ म्हणजे एजंट: ‘आधी टूरिस्ट व्हिसावर जा, वर्क परमिटचं नंतर बघू.’ असं कुणी म्हटलं की तिथून उठावं. भारत सरकारच्या ई-मायग्रेट यादीत एजंटाचं नाव आहे का ते पाहावं. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. नोकरी पक्कीच समजून कर्जही काढू नये. जुलै २०२१ मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर बडगा उगारला, तेव्हा भल्याभल्या ऑनलाइन कंपन्यांचे इंग्रजी-शिक्षक घरी बसले होते.

तिसरा एक आक्षेप देशप्रेमाच्या सुरात येतो: इथल्या पोरांना इंग्रजी येईना आणि तुम्ही थायलंडच्या पोरांना शिकवायला निघालात! २००० साली आपण पहिलीपासून इंग्रजी आणलं, छान केलं. पण ते शिकवणाऱ्याला तासिका तत्त्वावर राबवायचं, विनाअनुदानित वर्गावर ‘उद्या अनुदान येईल’ म्हणत झुलवायचं, आणि तो निघाला की कर्तव्याची आठवण करून द्यायची, हा हिशेब मला पटत नाही. भारतीय शिक्षक इथिओपियात, भूतानात, मालदीवमध्ये वर्षानुवर्षं शिकवत आले. त्यांनी तिथे कुणाचं वाईट केल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा अर्ज करावाच, पण शिक्षकाचा करावा. देशाचा कायदाच आड येत असेल तिथे टपालखर्च वाया घालवू नये. नुसत्या जाहिरातीत ‘नेटिव्ह हवा’ लिहिलं असेल तर बेलाशक पाठवावा, कारण जाहिरात लिहिणाऱ्याचीही गरज असते. बायोडेटात ‘एक्सलंट कम्युनिकेशन स्किल्स’ ही ओळ गाळून साठ मुलांच्या वर्गात काय केलं, कुणाचं काय सुधारलं, ते लिहावं. मराठी लपवू नये; दोन भाषांमधून ये-जा करणं ही या धंद्यातली कमाई आहे.

कागदपत्रांना मात्र आधीच लागावं. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टावर सासरचं, आणि मधे एकदा वडिलांचं तर एकदा नवऱ्याचं: आपली ही तीन मजली नावं परदेशातल्या कारकुनाला तीन वेगळ्या बायका वाटतात. राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र, राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, जो भारतात २००५ पासून मिळतो. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश असेल तर त्याऐवजी वकिलातीचा शिक्का. वर पोलीस क्लिअरन्स. यात महिने जातात, आणि जागा तोवर थांबत नाहीत.

मुलाखतीत ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असं विचारतीलच. ‘मराठी’ म्हणावं, आणि डेमोसाठी वर्ग मागावा.