एक अक्षर येणे बाकी

इंग्रजी भाषेविरुद्ध माझी एक तक्रार आहे. 'नाइफ'मधला के आणि 'सायकॉलॉजी'मधला पी यांच्याबद्दलची ती नव्हे. ही अक्षरं हजेरीपटावर सही करतात आणि दिवसभर कामाला हात लावत नाहीत, पण वीस वर्षं बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला त्याचं काय नवल? माझी तक्रार देण्याघेण्याची आहे. इंग्रजीकडे आमचं एक अक्षर येणं आहे. ते अक्षर म्हणजे ळ.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भाषेतलं मला फारसं कळत नाही. जमा आणि नावे एवढंच कळतं. तेव्हा हिशेबच मांडतो.

इंग्रजी आपल्याकडे आली तेव्हा 'बॅट'मधला ॲ आणि 'ऑफिस'मधला ऑ आपल्या वर्णमालेत नव्हते. पाहुण्यांची गैरसोय व्हायला लागली. जुन्या मंडळींनी 'ब्याट', 'ब्यांक' असं लिहून वेळ मारून नेली, पण पाहुणा काही खूश दिसेना. मग आपण काय केलं? अक्षराच्या डोक्यावर चक्क चंद्रकोर ठेवली! २००८ साली युनिकोडमध्ये ॲ ला स्वतःची स्वतंत्र जागा मिळाली आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने या दोन्ही स्वरांना मराठी वर्णमालेत रीतसर बसवलं. मी ज्या ठिकाणी पोट भरतो त्या 'बँक' या शब्दावर तर चंद्रही आहे आणि वर टिंबही आहे. एवढा थाट आपण घरच्या शब्दाचा कधी केला नाही.

म्हणजे इंग्रजीच्या नावे आमची दोन अक्षरं. तिच्याकडून जमा? शून्य. आमचा एक ळ तिला दीडदोनशे वर्षांत सांभाळता आला नाही. अशा खात्याला आमच्या भाषेत थकीत खातं म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, एका अक्षराने काय बिघडतं? पुण्यामुंबईच्या माणसाने म्हणावं. आम्हा खानदेशच्या लोकांना ते परवडत नाही. नंदुरबारहून रेल्वेने पूर्वेला निघा. अमळनेर, जळगाव, भुसावळ, प्रत्येकात ळ. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला ज्या धुळ्यातून फुटून निघाला, त्यातही ळ. जळगावच्या केळ्यात ळ. खानदेशातून ळ काढून घेतला तर मागे उन्हाळासुद्धा उरणार नाही.

मी सध्या तळोद्याच्या शाखेत आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. इंग्रजीत ते टी, ए, एल, ओ, डी, ए असं लिहितात. यातला टी म्हणजे त की ट, ए म्हणजे अ की आ, एल म्हणजे ल की ळ, डी म्हणजे द की ड, हे ज्याने त्याने आपल्या मगदुरानुसार ठरवायचं. मी कॅलक्युलेटरवर हिशेब केला. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा गावं होतात. पैकी पंधरा नकाशावर नाहीत.

ही थट्टा मी बरीच वर्षं चहाच्या वेळी करत होतो. आमच्या शाखेतला शिपाई एकदा शांतपणे म्हणाला, "साहेब, आपण घरी 'शाया' म्हणतो, 'डोया' म्हणतो. आपल्यालाच ळ नको असतो, मग इंग्रजीला कशाला बोल लावता?" मुद्दा बिनतोड होता. खानदेशात कितीतरी घरांत बोलताना ळ चा य होतो, हे खरं. मी त्याला सांगितलं, "हा आपल्या घरातला मामला आहे. त्यात बाहेरच्यांनी पडू नये." असलं उत्तर मुद्दा संपल्यावरच सुचतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तो कप उचलून निघून गेला.

पण गेल्या पावसाळ्यात जे झालं त्यानंतर मला ही थट्टा करवेना.

खातेदारांचे कागद नव्याने तपासायचं फर्मान आलं होतं. शाखा माणसांनी भरलेली. आमच्याकडे पाटण्याहून बदलून आलेला एक तरुण अधिकारी होता. अतिशय सज्जन, पोरसवदा, घरच्या आठवणीने दुपारी डबा अर्धा टाकणारा. तो संगणकावरची इंग्रजी यादी वाचून एकेकाला हाक मारत होता. "पदवी!" त्याने हाक दिली. कुणी उठेना. बाकावरचा एक कॉलेजकुमार घाबरून म्हणाला, "अजून दुसऱ्या वर्षाला आहे, सर." ज्यांना हाक मारली होती ते पाडवी शेजारीच बसले होते. आमच्या जिल्ह्यात पाडवी घरोघर आहेत. इंग्रजी यादीने त्या सगळ्यांना एका दिवसात पदवी बहाल केली.

मग त्याने "वाल्वी! वाल्वी!" असा पुकारा सुरू केला. मोटारपंपाची कामं करणाऱ्या एका माणसाने तेवढी मान वर केली.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली तरी एक आजी बाकावरून हलल्या नव्हत्या. डोंगरातल्या पाड्यावरून पहिल्या गाडीने आलेल्या. मी जवळ जाऊन कागद पाहिले. आडनाव वळवी. म्हटलं, "आजी, तुमचं नाव तीनदा घेतलं. तुम्ही उठला का नाहीत?"

"माझं नाव कुणी घेतलं नाही, भाऊ," आजी म्हणाल्या. "दुसऱ्याच कुणाचं तरी घेत होते."

त्यांचं बरोबर होतं.

तुमचंआमचं ठीक आहे. आपलं नाव कुणी वाकडं वाचलं तरी आपण पाटीवरून, कागदावरून, स्पेलिंगवरून ते ओळखतो आणि 'तो मीच' म्हणून उठतो. माझ्या स्वतःच्या आडनावातही ळ आहे; त्याचा ल झाल्यावर मी निमूट उठतो, कारण मला वाचता येतं. आजी अंगठा लावतात. त्यांचं नाव कागदावर नाही, कानात आहे. त्यातलं एक अक्षर बदललं की ते नाव त्यांचं राहत नाही, आणि त्यांची परतीची गाडी चुकते.

आणि हे घडतं कुठे? आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग जातीने आले होते. साऱ्या देशाला बारा आकड्यांची ओळख इथून मिळाली. बारा आकडे बरोबर असतात हो! अक्षराचंच काय ते अडतं.

त्या दिवसापासून मी या प्रकरणाचा कसून पाठपुरावा केला. नव्या अक्षरासाठी पूर्वी कुणी अर्ज केले होते का, आणि त्यांचं काय झालं, हे आधी पाहिलं. रोमचा बादशहा क्लॉडियस याने तीन नवी अक्षरं काढली. बादशहाच तो, कोण नाही म्हणणार? इ. स. ५४ मध्ये तो वारला आणि त्याच्यामागे अक्षरंही गेली. बेंजामिन फ्रँकलिनने १७६८ साली सहा अक्षरं बाद करून सहा नवी सुचवली. ज्याने आभाळातल्या विजेला हात घातला, त्याला इंग्रजी स्पेलिंग मात्र हलवता आलं नाही. बर्नार्ड शॉ १९५० साली वारले तेव्हा मृत्युपत्रात नव्या वर्णमालेसाठी पैसे ठेवून गेले. किमान चाळीस अक्षरं हवीत, असा त्यांचा आग्रह! प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली, आणि त्या वर्णमालेत शॉसाहेबांचं एक नाटक १९६२ साली छापून निघालं. पुढे सारं शांत.

तीन, सहा, चाळीस. कर्जाच्या अर्जात रक्कम भरमसाट लिहिली की अर्ज नामंजूर होतो, हे मी रोज पाहतो. म्हणून मी एकच मागतो.

बरं, ज्यांचे अर्ज मंजूर झाले त्यांची फाइल पाहा. रोमन लोकांनी सी ला एक काडी लावली, त्याचा जी झाला. आय ला शेपूट फुटलं, त्याचा जे झाला. आय आणि जे ही निराळी अक्षरं मानावीत, असं इटलीतल्या त्रिस्सिनो नावाच्या गृहस्थाने १५२४ साली छापून मांडलं. ते जगाने पुढे मान्य केलं. जर्मनांनी तर अगदी अलीकडे, २०१७ साली, आपल्या एस्त्सेट या अक्षराचं मोठं रूप अधिकृत केलं. त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती आपल्या ॲ बरोबरच, २००८ च्या त्याच आवृत्तीत. धडा स्वच्छ आहे. नवं कोरं अक्षर मागू नये. जुन्यालाच दुरुस्ती मागावी. म्हणून माझी मागणी अशी: एल ला खाली एक शेपूट लावा आणि त्याला ळ म्हणा. ध्वनिशास्त्राच्या पंडितांच्या जागतिक लिपीत असा शेपटीवाला एल आधीपासून आहे. म्हणजे नमुनाही तयार आहे. फक्त त्याला पंडितांच्या वाड्यातून काढून बाजारात आणायचं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला विद्वानांचा. ते म्हणतात, एल खाली ठिपका देण्याची सोय आहेच की! आहे ना, पुस्तकात. आमच्या फॉर्मवर ठिपका दिला तर तो डास मेल्याचा डाग समजून पुसतात आणि संगणक तर घेतच नाही. दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. दोन अक्षरं जोडून काम भागवा, म्हणतात. आपल्या दक्षिणेकडच्या भावंडांनी तेही करून पाहिलं. त्यांच्याकडे ळ चाच एक चुलता आहे, त्यासाठी त्यांनी झेड आणि एच जोडून लावले. परिणाम? आपण मराठी माणसंच 'कोळिकोड'ला बिनदिक्कत 'कोझिकोड' म्हणतो. तमिळनाडू सरकारने तर जून २०२० मध्ये १,०१८ गावांची इंग्रजी स्पेलिंगं उच्चाराबरहुकूम करण्याचा आदेश काढला. अक्षरं इतकी वाढली की लोकांना आपलीच गावं ओळखेनात. काही दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. जुन्याच सव्वीस कामगारांवर किती ओव्हरटाइम लादणार? नवा माणूस भरा!

"आणि आपल्या च चे दोन उच्चार?" सौभाग्यवतींनी विचारलं. "'चार'मधला निराळा, 'चमचा'मधला निराळा. अक्षर एकच. आधी आपलं घर झाडा, मग शेजाऱ्याकडे जा."

बायको म्हणते त्यात तथ्य असतं, हे मी लेखात कबूल करतो; घरी करत नाही. पण च ची चूक आपल्या घरात आहे आणि आपण ती घरातच निस्तरतो. आजींचं नाव मात्र आधी इंग्रजीत जातं आणि तिथून मराठीत परत येतं. आणि इथे इंग्रजीचा तरी दोष किती? नाव मराठी, माणूस मराठी मुलखातला, शाखा तळोद्यात, आणि मूळ प्रत म्हणून जपतो आपण इंग्रजी! मराठी ही तिची नक्कल. अस्सल कागद पेटीत ठेवून झेरॉक्सवर व्यवहार करणाऱ्याला मी काउंटरवरून परत पाठवतो. इथे अख्खा समाज तेच करतो आणि म्हणतो, "चालतं हो!" ज्याची गाडी चुकत नाही, त्याचं सगळंच चालतं.

नवं अक्षर येईल तेव्हा येईल. तोवर मी एक तात्पुरती व्यवस्था केली. यादीतली नावं रोज सकाळी एका कागदावर देवनागरीत लिहून त्या पाटण्याच्या मुलापुढे ठेवू लागलो. ळ पाहून तो आधी थबकला, मग 'वडवी' म्हणाला. मी म्हटलं, ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हे अक्षर आहे, घाबरू नकोस. जीभ टाळूला लाव. त्याने विचारलं, टाळू म्हणजे काय? आता ळ शिकवायचा तर टाळू सांगावा लागतो आणि टाळू म्हणायचा तर ळ यावा लागतो. शेवटी मी तोंड उघडून दाखवलं. आठ दिवस चहाच्या वेळी 'नळ, फळ, बाळ' असा पाठ चालला. पुढच्या खेपेला आजी आल्या तेव्हा त्याने सगळा जोर लावून "वळवी!" अशी हाक मारली. आजी ताबडतोब उठल्या. "आता आलं," म्हणाल्या.

त्याची आता बदली झाली आहे. नवा माणूस आला आहे. म्हणजे आमचा पाठ पुन्हा 'नळ'पासून सुरू.

म्हणून म्हटलं, एकदा वरच अर्ज करून टाकू. इंग्रजी वर्णमालेचं मुख्य कार्यालय कुठे आहे याचा पत्ता लागलेला नाही, पण अर्ज तयार ठेवलेला बरा. टाइप करायला बसलो. 'आमच्या सोयीसाठी आपल्या वर्णमालेत पुढील अक्षर समाविष्ट करावे,' इथपर्यंत इंग्रजी झकास जमलं. पुढे अक्षर लिहायचं होतं. तेच तर इंग्रजीत नाही! कोरी जागा सोडावी, तर अर्जात कोरी जागा सोडू नये असं मी रोज लोकांना बजावतो.

"अहो, पेनाने काढा की," आतून आवाज आला.

काढला. छापील इंग्रजीच्या मधोमध निळ्या शाईचा ळ. खाली सही केली, तीही मराठीत. वहीत नोंद घातली: इंग्रजी भाषा, एक अक्षर, येणे बाकी.